पावसाळ्यात पायाला प्लास्टर: डिचोलीतला माझा अनुभव

जुलैत गोव्यातल्या डिचोलीत भाड्याच्या घरासमोर चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरलो आणि नडगीचं हाड मोडलं. घरचे सगळे साताऱ्यात. १०८ला फोन केला, प्लास्टर झालं. खरा त्रास पुढे होता.

हवा इतकी दमट की प्लास्टरच्या आतला कापूस घामाने ओलसर राहायचा, खाज असह्य व्हायची. विणकामाची सुई आत घालायचा मोह होतो, पण कृपा करून घालू नका. आतला ओरखडा दिसत नाही आणि चिघळतो. मी हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून वरच्या कडेतून वारा घ्यायचो. गरम हवा नाही, कातडी भाजते. झोपताना पाय दोन उशांवर, छातीपेक्षा उंच. बोटं दर तासाला हलवायची. बधिर किंवा निळी पडली तर लगेच डॉक्टर.

कुबडीचा भार तळहातांवर घ्या, काखेत नस दबते. माझ्या कुबडीची रबरी टोपी झिजून गुळगुळीत झाली होती. ती बदलली तेव्हाच ओल्या फरशीवर पाऊल टाकायचा धीर आला. शेजारच्या मावशी रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज आणायच्या. "पयलीं जेव, मागीर चल" (आधी जेव, मग चाल) असं कोकणीत म्हणायच्या, आणि वाटी रिकामी होईपर्यंत दारातच उभ्या राहायच्या.