जुन्या मिलिंग मशीनला व्हीएफडी बसवताय? या चुका टाळा

भोसरी असो वा शिरोली, औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये एचएमटीच्या जुन्या मिलिंग मशीन अजून रोज कामाला लागतात. बीड जड, स्लाइड घट्ट. अशी मशीन भंगारात घालवू नये असं मला मनापासून वाटतं. मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी (हर्ट्झ) बदलून तिचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी, म्हणजे आपण नुसतं 'ड्राइव्ह' म्हणतो तो, बसवला की कटर फिरवणाऱ्या स्पिंडलचा वेग हवा तसा जुळवता येतो. पण बसवताना काही चुका पुन्हापुन्हा होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ड्राइव्ह आला, आता गिअर कशाला, असं समजणं. ८० मिलिमीटरचा एचएसएस (हायस्पीड स्टील) कटर माइल्ड स्टीलवर मिनिटाला २५ मीटरच्या वेगाने चालवायचा तर स्पिंडलचे मिनिटाला साधारण १०० फेरे हवेत. कारागीर गिअर ४०० फेऱ्यांवर ठेवतो आणि पॉट (वेगाचा नॉब) फिरवून ड्राइव्ह साडेबारा हर्ट्झवर आणतो. फेरे शंभरच होतात, पण ३ एचपीची मोटर तिथे पाऊण एचपीच देते. ५० हर्ट्झच्या खाली मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण तेवढाच राहतो, पॉवर मात्र हर्ट्झच्या प्रमाणात घटते. तेच गिअर १०० वर टाकून मोटर ५० हर्ट्झवर चालवली तर स्पिंडलला चौपट टॉर्क मिळतो. म्हणून आधी गिअर किंवा बेल्ट कामाच्या जवळच्या वेगावर लावा आणि ड्राइव्हने ३० ते ६० हर्ट्झच्या आत बारीक जुळवाजुळव करा. कट घेताना स्पिंडल अडखळतो, ड्राइव्ह 'ओव्हरलोड' दाखवतो, अशी तक्रार आली की मी आधी गिअरचा दांडा कुठे आहे ते बघतो.

कमी हर्ट्झवर आणखी दोन गोष्टी बिघडतात. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे तोही मंदावतो. २० हर्ट्झच्या खाली तासन्‌तास भारी कट घ्यायचा असेल तर मोटरवर वेगळा ब्लोअर लावा. दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काही मशीनमध्ये गिअरबॉक्सचा तेलपंप मुख्य मोटरवरच चालतो. मोटर मंदावली की वरच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचत नाही. तेलाच्या काचेत धार दिसते का, हे सगळ्यात कमी वेगावर तपासा. फीडही त्याच मोटरवर असेल तर पॉट फिरवल्यावर टेबलाचा वेगही बदलतो, हे कारागिराला आधीच सांगून ठेवा.

वायरिंगमध्ये जुनं ते तसंच ठेवण्याचा मोह होतो. स्टार-डेल्टा स्टार्टर, फॉरवर्ड-रिव्हर्सचा ड्रम स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये राहू देतात. चालू मोटरवर तो स्विच फिरवला की ड्राइव्हमधले आयजीबीटी (मोटरला वीज देणारे ट्रान्झिस्टर) उडू शकतात. ड्राइव्हपासून मोटरपर्यंत सरळ केबल न्या; उलट-सुलट फिरवण्याचा हुकूम ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर द्या. जुन्या मशीनमध्ये कूलंट पंप, ब्रेकची कॉइल किंवा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर कधीकधी मोटरच्याच टर्मिनलवरून घेतलेला असतो. तिथे आता बदलतं व्होल्टेज येणार. ही जोडणी शोधून सरळ मेनवर न्या, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो.

शेडमध्ये सिंगल फेजच असेल तर मोटरची नेमप्लेट आधी वाचा. २३० व्होल्टचा ड्राइव्ह बाहेर २३० व्होल्टपेक्षा जास्त देत नाही. प्लेटवर २३०/४०० लिहिलं असेल तर मोटर डेल्टात जोडा. पण आपल्याकडच्या ३ एचपी आणि वरच्या बऱ्याच मोटरी ४१५ व्होल्ट डेल्टाच्या असतात. त्या अशा ड्राइव्हवर फिरतात खऱ्या, पण साधारण २८ हर्ट्झच्या पुढे टॉर्क घसरत जातो. तिथे थ्री फेज जोडणी घ्या किंवा मोटर बदला. पॅरामीटर कितीही बदलले तरी ही अडचण जात नाही.

जुन्या वाइंडिंगचं इन्सुलेशन मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासा, पण केबल ड्राइव्हपासून सोडवून. जोडलेल्या ड्राइव्हवर मेगर लावला तर ड्राइव्ह गेलाच. झाकण उघडण्याआधी मेन बंद करून किमान दहा मिनिटं थांबा आणि मीटरने खात्री करा. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या आत सुमारे ५८० व्होल्ट डीसी साठलेलं असतं.

डीआरओचे, म्हणजे टेबल किती सरकलं ते दाखवणाऱ्या डिजिटल डिस्प्लेचे, आकडे स्पिंडल चालू होताच नाचायला लागले तर स्केल खराब झाली असं समजू नका. मोटरची केबल शिल्डेड घ्या, शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करा आणि स्केलच्या वायरी तिच्यापासून लांब न्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थला गळती झाली की वीज तोडणारा स्विच) विनाकारण पडत असेल तर ड्राइव्हच्या फिल्टरमधून अर्थला जाणारी गळती हे नेहमीचं कारण असतं. म्हणून अर्थ तोडू नका. ड्राइव्हला चालणारा आरसीसीबी बसवा. स्पिंडल थांबवताना 'ओव्हरव्होल्टेज' येत असेल तर थांबण्याचा वेळ वाढवा. लवकरच थांबवायचा असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर लावा. ड्राइव्ह बंद पॅनेलमध्ये, मशीनपासून थोडा दूर ठेवा. बिडाचा बारीक कीस वीजवाहक असतो आणि ड्राइव्हचा पंखा तो थेट कार्डवर ओढून घेतो.

शेवटची गोष्ट माणसाच्या हाताबोटांशी निगडित आहे, म्हणून ती मी कधीच सोडत नाही. जुन्या स्टार्टरची कॉइल लाइट गेली की सुटायची. लाइट परत आली तरी मशीन आपोआप सुरू होत नसे. ड्राइव्हला साधा ऑन-ऑफ स्विच लावला तर ही सोय जाते. लाइट जाते, कारागीर जॉब काढायला वाकतो, लाइट येते आणि कटर फिरायला लागतो. म्हणून स्टार्ट-स्टॉपसाठी पुश बटणं आणि तीन वायरींची जोडणी करा, ऑटो-रीस्टार्टचं पॅरामीटर बंद ठेवा, इमर्जन्सी स्विचने ड्राइव्हचा रन हुकूमही तुटू द्या आणि ड्राइव्हला मेनची वीज देणारा कॉन्टॅक्टरही. मग कटर न लावता स्पिंडल चालू करा, मेन बंद करा, पुन्हा चालू करा. स्पिंडल जागचा हलता कामा नये. असं तीन वेळा करून बघा, मगच आर्बरवर (कटर बसवायच्या दांड्यावर) कटर चढवा.