आखूड हंगामात वय झालेल्या संघाचा अंदाज कसा बांधावा

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, हंगाम आखूड झाला की पस्तिशीतल्या खेळाडूंच्या संघाला दिलासा मिळाला, असे समजण्याची घाई करू नये. प्रथम आठवड्याला किती सामने पडतात ते मोजावे. एरवी 82 सामने सुमारे साडेपाच महिन्यांत होतात. मालक-खेळाडू वादातून टाळेबंदी झाल्यावर 2011च्या नाताळला सुरू झालेल्या हंगामात 66 सामने चार महिन्यांत बसवले गेले, तर 1999 मध्ये 50 सामने जेमतेम तीन महिन्यांत, म्हणजे आठवड्याला जवळपास चार. सामने घटले, पण विश्रांतीचे दिवस त्याहून अधिक घटले.

मग वेळापत्रकात लागोपाठच्या रात्रींवर खुणा कराव्यात आणि त्या रात्री प्रशिक्षक कोणाला बसवतो ते पाहावे. 25 मार्च 2012 रोजी, तीन रात्रींतल्या तिसऱ्या सामन्यात, सॅन अँटोनियो संघाचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी 35 वर्षांच्या टिम डंकनला विश्रांती दिली आणि अधिकृत नोंदीत न खेळण्याचे कारण चक्क ‘म्हातारा’ असे छापले गेले! विनोद सोडला तरी त्या हंगामात डंकन सरासरी जेमतेम 28 मिनिटे खेळला, आणि संघाने 66 पैकी 50 सामने जिंकले. राखीव फळी भक्कम नसेल तर हा मार्ग बंदच असतो.

संघ किती वर्षे एकत्र आहे, हेही तपासावे. कारण सरावाला दिवसच उरत नाहीत आणि तिथे मुरलेल्या जोडीचा फायदा होतो. 1999 मध्ये स्टॉकटन-मलोन या मुरलेल्या जोडीच्या युटा संघाने 37 विजयांसह साखळीत संयुक्त अव्वल स्थान मिळवले, पण प्ले-ऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांपैकी, दुसऱ्या फेरीत पोर्टलंडने त्यांना हरवले. त्याच वर्षी ओलाजुवॉन आणि बार्कली यांच्या जोडीला पिपेनला नव्याने आणणारा ह्यूस्टन संघ पहिल्याच फेरीत बाद झाला.

सुरुवातीच्या निकालांवरून मात्र निवाडा करू नये. 2012 मध्ये गार्नेट, पिअर्स आणि अ‍ॅलन यांचा बॉस्टन संघ ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत (हंगामाच्या मधल्या सुट्टीपर्यंत) 15 विजय, 17 पराभव असा चाचपडत होता; तोच पुढे पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत मायामीशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजला.

शेवटी आधीच्या हंगामानंतर मिळालेली सुट्टी पाहावी. 2020 मध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाला विजेतेपदानंतर जेमतेम दहा आठवडे मिळाले, आणि 72 सामन्यांच्या पुढच्या हंगामात ते पहिल्याच फेरीत हरले. अर्थात त्यांचा प्रमुख खेळाडू लेब्रॉन जेम्सचा घोटा प्रतिस्पर्धी अंगावर पडून दुखावला होता. त्याचे खापर वेळापत्रकावर फोडता येणार नाही.