मज्जारज्जूसाठीचं कोलॅजेन जेल: डिशमधली पहिली चाचणी

मज्जारज्जूला इजा झाली की तिथे पोकळी पडते, भोवती व्रण धरतो. त्या व्रणातले कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन (साखरेच्या साखळ्या जोडलेली प्रथिनं) वाढू पाहणाऱ्या चेतातंतूंना अडवतात. पोकळीत भरायचं जेल प्राण्यात घालण्याआधी तंतू त्यात शिरतात का, ते डिशमध्ये बघून घ्यावं. रॅटच्या शेपटीचं टाइप-१ कोलॅजेन आणि कोंबडीच्या ८ ते १० दिवसांच्या भ्रूणातले डॉर्सल रूट गँग्लिया (मज्जारज्जूलगतचे संवेदी चेतापेशींचे पुंजके; एक असेल तर गँग्लिऑन) एवढ्यावर काम भागतं.

२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं १ मिलिलिटर जेल करायचं तर: १०एक्स पीबीएस (दहापट तीव्र फॉस्फेट-मिठाचं बफर द्रावण) १०० मायक्रोलिटर, निर्जंतुक पाणी ३७८.५, १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ११.५, लॅमिनिन (तंतूंना धरून वाढायला मदत करणारं प्रथिन, १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) १० आणि ४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं कोलॅजेन ५०० मायक्रोलिटर. कोलॅजेनची तीव्रता बाटलीगणिक बदलते; लेबल वाचूनच हिशेब मांडा. सगळं बर्फात ठेवा, कोलॅजेन शेवटी घाला. लॅमिनिन फ्रिजमध्ये सावकाश वितळू द्या, घाई केली तर गुठळ्या होतात. ढवळताना पिपेटचा दट्ट्या पूर्ण खाली दाबू नका, कारण एकदा शिरलेला बुडबुडा या चिकट द्रवातून निघत नाही. सामू ७.२ ते ७.४ हवा. जेल धरलंच नाही, तर बहुतेक वेळा आम्ल उरलेलं असतं.

खरी चूक ओतताना होते. गँग्लिऑन पातळ मिश्रणात सोडलं की ते तळाला जातं आणि तंतू जेलमधून नव्हे, प्लास्टिकवरून पसरतात. वरून चित्र झकास दिसतं! फोकस वरखाली करून पाहा: सगळे तंतू एकाच पातळीत असतील तर तो निकाल जेलचा नाही. म्हणून दोन थर द्या. ४८ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर ओतून ३७ अंशांवर १० मिनिटं ठेवा. थर थरथरता पण धरलेला हवा. त्यावर गँग्लिऑन ठेवून बर्फातलं आणखी १०० मायक्रोलिटर घाला, मग ३० मिनिटं. रिकाम्या वेलमध्ये पाणी ठेवा, नाहीतर जेल कडेने सुकतं.

आता पेशी वाढवायचं ३०० मायक्रोलिटर माध्यम, त्यात एनजीएफ (चेतातंतूंची वाढ घडवणारं प्रथिन). जेलमधल्या पाण्याने एनजीएफ पातळ होतं. शेवटी ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हवं असेल तर माध्यमात ८३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर घाला. तुलनेसाठी काही वेल एनजीएफशिवाय ठेवाच. ४८ तासांनी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करून बीटा-३ ट्युब्युलिनचं (चेतापेशींची ओळख पटवणाऱ्या प्रथिनाचं) रंजन करा.

हे गँग्लिया मात्र फार सोपं गिऱ्हाईक. मेंदूतून उतरणारे तंतू इतके सहज वाढत नाहीत. शिवाय तंतू जेलमध्ये शिरतात पण पलीकडून बाहेर पडत नाहीत, ही प्राण्यांवरच्या प्रयोगांतली जुनी रड. त्यामुळे पुढच्या फेरीत शेजारी अ‍ॅग्रिकन (व्रणातल्यासारखंच एक कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन) मिसळलेलं दुसरं जेल ओता आणि सीमा ओलांडणारे तंतू मोजा.