मॅलॉकमध्ये हात घालताय? मग या चुका टाळा

सी लायब्ररीतला मेमरी अॅलोकेटर, म्हणजे प्रोग्रॅमला मागेल तेवढी मेमरी देणारं मॅलॉक आणि परत घेणारं फ्री, सांभाळायचं काम ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. म्हणजे जीलिबसीवर (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) स्वतःचे पॅच चढवून चालवणारे, एखाद्या बोर्डसाठी छोटी लिबसी लिहिणारे, नाहीतर "मॅलॉक स्लो आहे, मी फास्ट करतो" असं ठरवून बसलेले. या तिसऱ्या जातीला जरा जास्तच सांगायचंय, कारण निम्म्या भानगडी फास्ट पाथच्या, म्हणजे झटपट शॉर्टकटच्या, हावेतून होतात.

नवा शॉर्टकट टाकला, जुना चेक मागेच राहिला

हे फक्त नवशिक्यांचंच होतं असं नाही हां. जीलिबसी २.२६ मध्ये, ऑगस्ट २०१७ ला, टीकॅश आलं, म्हणजे फ्री झालेले तुकडे थ्रेडजवळच ठेवणारा साठा. प्रत्येक थ्रेडला स्वतःचे ६४ बिन (साइझवार कप्पे), डिफॉल्टला प्रत्येकात ७ तुकडे, लॉक घ्यायची भानगड नाही, स्पीड खरंच वाढला. पण मॅलॉकच्या तोंडाशीच, मागितलेल्या साइझवरून चंकची (प्रत्यक्ष द्यायच्या तुकड्याची) साइझ काढताना, ओव्हरफ्लो (आकडा मर्यादेबाहेर जाणं) तपासणारा मॅक्रो न वापरता साधा वापरला गेला. जुन्या रस्त्यावर तपासणी होती, पण नवा रस्ता तिथे पोचायच्या आधीच तुकडा देऊन मोकळा. परिणाम असा की साइझ_मॅक्सच्या (साइझचा सगळ्यात मोठा आकडा) जवळचा आकडा मागितला की त्यात हेडर आणि अलाइनमेंट मिळवताना तो फिरून शून्याजवळ यायचा, आणि ६४ बिटवर तुमच्या हातात नल, म्हणजे "मेमरी नाही" या उत्तराऐवजी २४ बाइट वापरता येतील असा तुकडा पडायचा. सुरक्षेच्या बगांच्या यादीत सीव्हीई-२०१७-१७४२६ या नावाने नोंद आहे, २.२७ मध्ये दुरुस्त झालं.

यातली खरी मेख टेस्टमध्ये आहे. नवा कोरा प्रोग्रॅम घ्या, पहिल्याच ओळीत साइझ_मॅक्स मागा, नल येतं, टेस्ट पास, सगळे खूश. कारण त्या बिनमध्ये अजून काहीच नसतं, त्यामुळे गाडी जुन्या रस्त्याने जाते आणि तिथला चेक पकडतो. आधी एखादा छोटा तुकडा घेऊन फ्री केलेला असला तरच बग दिसतो. म्हणून माझी सवय अशी की टोकाच्या साइझची प्रत्येक टेस्ट दोनदा चालवायची, एकदा कोऱ्या प्रोसेसमध्ये आणि एकदा सगळ्या छोट्या साइझ घेऊन-फ्री करून हीप (मॅलॉकच्या ताब्यातली मेमरी) चांगला मळवून मग. लोकांना ही दुसरी फेरी कंटाळवाणी वाटते, वाटू दे.

कॅलॉक स्वतःलाच हाक मारतं

ही माझी लाडकी. एका ठिकाणी बोर्डसाठी स्वतःची लिबसी होती, तिथल्या एका नव्या पोराने कॅलॉक, म्हणजे शून्याने भरलेली मेमरी देणारं फंक्शन, लिहिलं. दोन आकड्यांचा गुणाकार, मॅलॉक, नल नसेल तर मेमसेट (मेमरी शून्याने भरणं), रिटर्न. कॉलेजच्या पेपरात पूर्ण मार्क मिळतील असा कोड. बोर्ड बूट होताना अडकायला लागला. क्रॅश नाही, लॉग नाही, नुसता सीपीयू १०० टक्के. ऑप्टिमायझेशन बंद केलं की व्यवस्थित चालायचा, ओ-२ लावलं की परत ठप्प. मग नेहमीचा तमाशा, रॅम खराब असेल, पॉवर सप्लाय बघा, कर्नल जुना आहे, दुसरा बोर्ड मागवा, आणि शेवटी साहेबांनी तोडगा काढला की आख्खी लायब्ररी ओ-शून्यवर बिल्ड करून पाठवून देऊ, कस्टमरला काय कळतंय.

मी त्याला म्हटलं, अरे ऑब्जडंप (कंपाइल झालेल्या कोडचं असेंब्ली) काढ आणि मला कॅलॉक दाखव. तर म्हणतो, "सर सोर्स दहा वेळा बघितला, बरोबर आहे." सोर्स बरोबरच होता रे बाबा. जीसीसी या कंपायलरला मॅलॉक आणि पाठोपाठ शून्याचा मेमसेट दिसला की ते हुशारी करून दोन्हीचं मिळून एक कॅलॉक करून टाकतं, बाकी सगळ्या जगासाठी ही चांगली गोष्ट आहे, पण इथे आपण कॅलॉकच्या आतच बसलोय. म्हणजे कॅलॉक कॅलॉकला बोलावतंय, आणि तो शेवटचाच कॉल असल्यामुळे त्याचा साधा जंप होतो, स्टॅक भरतच नाही, नाहीतर निदान सेगफॉल्ट येऊन कुणाचं तरी लक्ष गेलं असतं.

उपाय एका ओळीचा, अॅलोकेटरची फाइल कंपाइल करताना "एफ-नो-बिल्टइन-मॅलॉक" हा फ्लॅग द्यायचा. मी मात्र त्यावरही थांबत नाही, प्रत्येक वेळी कंपायलर बदलला की मॅलॉक, कॅलॉक, रीअॅलॉक, फ्री या चारांचं असेंब्ली डोळ्यांनी बघतो. आणि हो, त्या पोराच्या गुणाकारात ओव्हरफ्लोचा चेक नव्हताच, ते वेगळंच.

चोर सोडून संन्याशाला फाशी

"डबल फ्री ऑर करप्शन", "करप्टेड टॉप साइझ" असले मेसेज मॅलॉक छापतं म्हणून बग मॅलॉकवर फाइल करायचा. अरे त्याने फक्त सांगितलं की कुणीतरी आधीच घाण करून ठेवलीय! ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिममध्ये २००८ ला नवं मॅलॉक आलं आणि तक्रार आली की स्पार्क६४ प्रोसेसरवर मोठे सी++ प्रोग्रॅम कंपाइल करताना कंपायलर मरतो. शोधत गेल्यावर गुन्हेगार निघाला याक या पार्सर बनवणाऱ्या टूलने बनवलेल्या पार्सरमधला ओव्हरफ्लो, सत्तरच्या दशकातल्या युनिक्सपासून चालत आलेला. नवं मॅलॉक अर्ध्या पेजपेक्षा (पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक साइझचा गठ्ठा) मोठे तुकडे पेजच्या शेवटाकडे सरकवत होतं म्हणून तो पहिल्यांदा उघडा पडला. आधी व्हॅलग्राइंड किंवा अॅड्रेस सॅनिटायझर असलं मेमरीच्या चुका शोधणारं टूल लावा, मग माझ्याकडे या.

यातच एक पोटचूक. "मॅलॉक_चेक_ सेट केलं तरी काही सापडलं नाही" असं सांगणारे भरपूर भेटतात. जीलिबसी २.३४ पासून ती सगळी मॅलॉकची चूक-तपासणी लिबसी_मॅलॉक_डीबगमध्ये हलवलीय, ती लायब्ररी प्रीलोड केली नाही तर तो व्हेरिएबल काहीही करत नाही. मॅलॉक हुकही (मॅलॉकच्या जागी स्वतःचं फंक्शन लावायची सोय) त्याच व्हर्जनला काढून टाकले, जुनी ट्युटोरियल बघून ते शोधत बसू नका.

लीक, लीक म्हणून ओरडायचं

टॉप कमांडमध्ये व्हर्च्युअल साइझ बघून मेमरी गळतेय (लीक) अशी बोंब मारायची नाही. ६४ बिटवर मेन सोडून बाकीच्या अरीनाचा (अरीना म्हणजे मॅलॉकचा स्वतंत्र लॉक असलेला साठा) हीप ६४ एमबी पत्ता नुसता अडवून ठेवतो, आणि अरीना कोअरच्या ८ पट होऊ शकतात. आरएसएस (खरोखर वापरात असलेली रॅम) बघा, मॅलॉक_इन्फो छापा, मोकळी मेमरी परत देणारं मॅलॉक_ट्रिम एकदा बोलवा. त्यानंतर आरएसएस धपकन खाली आला तर ते लीक नव्हतं, फ्री झालेली मेमरी नुसती सिस्टिमला परत गेली नव्हती. कुठूनतरी कॉपी करून अरीना_मॅक्स २ (जास्तीत जास्त दोनच अरीना) लावून टाकणाऱ्यांबद्दल काय बोलणार, कधी चालतं, कधी थ्रेड लॉकसाठी रांगेत उभे राहतात, आधी मोजायला कुणाला वेळ आहे.

एमएमॅप थ्रेशोल्ड (ज्या साइझपासून तुकडा थेट सिस्टिमकडून घेतला जातो ती मर्यादा) हाताने लावलात तर तो आपोआप वाढायचं बंद होतं, एवढं तरी मॅन पेजमध्ये वाचा. एरवी तो १२८ केबीपासून ३२ एमबीपर्यंत स्वतःच सरकतो.

बाकीचं पटापट

मॅलॉकच्या आत प्रिंटएफ नाही, ते स्वतःच बफरसाठी मॅलॉक मागतं. मी स्टॅकवरच्या बफरमध्ये हेक्स आकडा लिहून सरळ राइट करतो, दिसायला घाण, पण कधी अडकलं नाही.

एकच साइझ लूपमध्ये घेऊन-फ्री करायचा बेंचमार्क मला दाखवू नका, तो फक्त टीकॅश मोजतो.

फोर्कच्या (प्रोसेसची नक्कल काढणाऱ्या कॉलच्या) आधी सगळे लॉक घ्या, चाइल्डमध्ये, म्हणजे त्या नकलेत, ते नव्याने इनिशियलाइझ करा. लॅपटॉपवर न दिसलेला डेडलॉक सर्व्हरवर रात्री दिसतो.

आणि फ्रीने एररनो (शेवटच्या एररचा आकडा) बदलायचा नाही. जीलिबसीने हे २.३३ पासून पाळलंय, तुमच्या लिबसीत नसेल तर आत एमअनमॅप (मेमरी सिस्टिमला परत देणारा कॉल) फेल झाल्यावर कॉलरचा खरा एरर पुसला जातो, आणि मग लोक फाइल ओपन का होत नाही ते भलत्याच ठिकाणी शोधत बसतात.