ब्रेक ऑइल कधी बदलायचं आणि कोणतं टाकायचं

इंजिन ऑइलची तारीख गाडीवाल्याला तोंडपाठ असते. ब्रेक ऑइलच्या बाबतीत मात्र 'कमी झालंय का' एवढंच बघितलं जातं. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत पातळी बरोबर असली तरी आतलं ऑइल कामातून गेलेलं असू शकतं, कारण ते पाणी ओढून घेतं. रबरी होसमधून, डबीच्या झाकणातून हवेतला दमटपणा आत मुरत राहतो. गाडी दारात उभी असली तरी हे थांबत नाही, त्यामुळे किलोमीटरपेक्षा महिने मोजावेत.

सोलापूरची हवा कोरडी, इथं कुठून ओल येणार, असं बरेच जण म्हणतात. कोकणातल्या गाडीपेक्षा इथं वेग कमी असेल, एवढंच. पावसाळ्यात दमट हवा इथंही असते, आणि एकदा मुरलेलं पाणी मे महिन्यातल्या ४३ अंशांतही उडून जात नाही. उलट काहींना वाटतं की उन्हानं ऑइल उकळतं. बाहेरचं ऊन त्या मानानं किरकोळ आहे. लांब उतारावर ब्रेक दाबून धरला की डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापते आणि ती धग पॅडमधून कॅलिपरमधल्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या) ऑइलला लागते.

बाटलीवरचा डॉट (DOT) क्रमांक म्हणजे ऑइलचा दर्जा, तो ऑइल किती अंशांना उकळतं याच्याशी बांधलेला आहे. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १४० पर्यंत. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे पाणी मुरलेलं डॉट ४ हे ताज्या डॉट ३ पेक्षाही कच्चं.

ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. तुळजापूरहून सोलापूरकडे उतरताना घाट छोटा असल्यानं बहुतेक वेळा निभावून जातं. पाच माणसं आणि सामान घेऊन रत्नागिरीला निघालात तर आंबा घाटात ते निभेलच असं नाही. यातली फसवी गोष्ट अशी की अर्ध्या तासानं ऑइल थंड झालं की पेडल पुन्हा घट्ट लागतं, आणि गॅरेजमध्ये 'ब्रेक तर ओके आहे' असं उत्तर मिळतं. पेडल घट्ट असूनही गाडी आवरत नसेल तर तापलेल्या पॅडवर संशय घ्या. पेडल मऊ पडून खाली गेलं असेल तर ऑइलवर.

उकळणं दूर राहिलं, तरी ते पाणी आतून गंज धरतं. कॅलिपरचा पिस्टन अडकतो, ड्रम ब्रेकमधला व्हील सिलेंडर गळायला लागतो, आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटला झळ लागली तर खर्च ब्रेक ऑइलच्या कित्येक पट होतो.

बहुतेक कंपन्या दोन वर्षांची मुदत देतात, काही तीन. आपल्या गाडीचं मॅन्युअल काय सांगतं ते पाहा. सरळ हिशेब हवा असेल तर एकाआड एक गुढीपाडवा धरा; हवा कोरडी असते आणि सुट्टीतले प्रवास पुढे असतात. जुनी गाडी घेतली असेल आणि कागद नसतील तर ऑइल कधीच बदललेलं नाही असं समजून चाला. रंगावर विसंबू नका. काळं ऑइल खराब असतंच, पण पिवळसर दिसणारंही ओलं असू शकतं. पेनासारखा टेस्टर अंदाजापुरता ठीक. तो ३ टक्के पाणी दाखवत असेल तर मुदतीची वाट बघू नका.

कोणतं टाकायचं ते डबीच्या झाकणावरच छापलेलं असतं. डॉट ३ लिहिलेल्या बहुतेक गाड्यांत डॉट ४ चालतं. डॉट ४ च्या जागी डॉट ३ टाकू नये. शहरात फिरणाऱ्या गाडीला डॉट ५.१ ची गरज नाही, पैसे जास्त जातील एवढंच. ५.१ आणि ५ मात्र एक नव्हेत. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते बाकी कशातच मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकून पडलं तर ब्रेकची रबरं फुगतात आणि सगळी किट बदलावी लागतात. अशा वेळी पेडल न दाबता गाडी ओढून न्यावी. दुकानात सुटं किंवा सील फुटलेलं ऑइल घेऊ नका.

लहान गाडीला पूर्ण बदलायला एक लिटर पुरतं. ५०० मिलीच्या दोन बाटल्या घ्या. ब्लीडर निपलला (प्रत्येक चाकाजवळचा, जुनं ऑइल आणि एअर काढायचा स्क्रू) बसणारा रिंग पाना लागेल, बहुधा ८ किंवा १० चा. शिवाय पारदर्शक नळी, रिकामी बाटली, मोठी सिरिंज आणि आत बसून पेडल दाबायला एक माणूस. गाडी सपाट जागी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची धूळ ओल्या फडक्यानं पुसून जागा कोरडी करा. सिरिंजनं डबीतलं जुनं ऑइल काढा, पण तळाची भोकं उघडी पडू देऊ नका. मग नवं भरा.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मास्टर सिलेंडरपासून (पेडलनं चालणारा, डबीखालचा पंप) सर्वात लांबचं चाक मागचं डावं. तिथून सुरुवात, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. अमेरिकन व्हिडिओत मागच्या उजव्यापासून सुरू करतात, ते त्यांच्या गाडीला बरोबर आहे. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा.

नळी निपलवर चढवा, दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवा. आत बसलेल्यानं पेडल हळू दाबून धरायचं. तुम्ही निपल पाव आटा सैल करायचं, ऑइल आलं की आवळायचं, मगच 'सोड' म्हणायचं. आवळण्याआधी पाय उचलला की एअर आत गेलीच. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. पेडल तळाला टेकलं की मास्टर सिलेंडरचं रबर कधी न फिरलेल्या गंजक्या भागावर घासून फाटतं. दर आठ-दहा दाबांनंतर डबी बघा. ती रिकामी होऊन एअर एबीएसमध्ये शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागतो. नळीत स्वच्छ, बुडबुड्याविना ऑइल आलं की पुढचं चाक. निपल गंजून जाम असेल तर जोर लावू नका, तुटेल. आदल्या दिवशी गंज सुटायचा स्प्रे मारून ठेवा. क्लच हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) असेल आणि डबी एकच असेल तर त्याचीही एअर काढा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं काम सर्व्हिस सेंटरवर सोपवा, पण मुदत त्यांनाही आहे.

रंगावर ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग उचलतो.

शेवटी डबी मॅक्सपर्यंत, त्यावर नाही. इंजिन चालू करून पेडल दाबा: टणक लागलं पाहिजे आणि दाबून धरल्यावर खचता कामा नये. रिकाम्या गल्लीत सावकाश चालवून ब्रेक मारून बघा, चारही निपल पुन्हा तपासा. पुढे पातळी हळूहळू उतरली तर पॅड झिजत आहेत. वरून भर घालू नका, नवे पॅड घातल्यावर ती आपोआप चढते. आठवड्यात उतरली तर गळती आहे. उरलेलं अर्ध्या बाटलीतलं ऑइल पुढच्या खेपेसाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही, उघडल्यापासून तेही पाणी ओढतं. जुनं ऑइल विषारी असतं. ते पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, गटारात ओतू नका. बाटलीवर 'ब्रेक ऑइल' असं लिहून, इंजिन ऑइलमध्ये न मिसळता, टाकाऊ ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.