नॉर्वेचा प्रवास: आधी महिना ठरवा, मग व्हिसा

नॉर्वेला जायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली चौकशी विमानाच्या तिकिटाची होते. तिकिटाला हात लावण्यापूर्वी आपण तिथे नेमके काय पाहायला जात आहोत हे ठरवावे, असा माझा आग्रह आहे. त्या देशातील प्रकाश महिन्यागणिक इतका बदलतो की मध्यरात्रीचा सूर्य आणि नॉर्दर्न लाइट्स (रात्रीच्या आकाशात झळकणारे रंगीत प्रकाशपट्टे) या दोन्ही गोष्टी एका फेरीत पाहता येत नाहीत. आर्क्टिक वृत्ताच्या बऱ्याच उत्तरेला असलेल्या ट्रॉम्सो शहरात साधारण २० मे ते २२ जुलै या काळात सूर्य मावळत नाही आणि २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी या काळात तो उगवत नाही. नॉर्दर्न लाइट्ससाठी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ योग्य असतो. मे-जूनच्या शाळेच्या सुट्टीत नॉर्दर्न लाइट्स दाखवण्याचे वचन मुलांना देऊन ठेवलेले असेल, तर ते आधी मागे घ्यावे लागेल. फ्योर्ड (डोंगरांत खोलवर शिरलेले समुद्राचे अरुंद फाटे), धबधबे आणि डोंगरवाटा यांसाठी मात्र जून ते ऑगस्ट हे महिने उत्तम असतात, आणि तेव्हाच सर्वांत जास्त गर्दीही असते.

महिना ठरला की व्हिसाची उलटी मोजणी सुरू करावी. नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नाही, परंतु मार्च २००१ पासून तो शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना पर्यटनासाठी किंवा नातेवाइकांकडे जाण्यासाठी शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची असली, तरी ती ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते, आणि उन्हाळी हंगामात अर्ज केंद्रावर वेळ मिळण्यातच काही आठवडे जातात. म्हणून जूनच्या प्रवासासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये कामाला लागणे हेच शहाणपणाचे आहे. अर्ज नॉर्वेच्या परदेशी नागरिक संचालनालयाच्या, म्हणजे यूडीआयच्या, संकेतस्थळावर भरायचा असतो. त्यानंतर ठरलेल्या दिवशी केंद्रावर कागदपत्रे, फोटो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे, तर सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. केंद्राचे सेवाशुल्क याहून वेगळे असते. पूर्वी शेंगेन व्हिसासाठी दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात.

नॉर्वेबरोबर डेन्मार्क किंवा स्वीडनही पाहायचे असेल, तर जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा, आणि दिवस समान असतील तर जिथे पहिला प्रवेश होणार तिथे. व्हिसा लवकर मिळतो असे ऐकले म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करून मुक्काम मात्र नॉर्वेत करण्याचा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही, कारण सीमेवरचा अधिकारी हॉटेलची आरक्षणे मागू शकतो.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, शेंगेनमधून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. प्रवासी विम्याचे वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचे हवे आणि ते सर्व शेंगेन देशांत लागू असले पाहिजे. बँकेचे स्टेटमेंट, प्राप्तिकर विवरणपत्रे, पगाराच्या पावत्या, रजा मंजुरीचे पत्र, राहण्याची आरक्षणे आणि दिवसवार कार्यक्रम ही बाकीची शिदोरी. खर्चाची सोय दाखवण्यासाठी नॉर्वे दिवसाला साधारण ५०० क्रोनर (तिथले चलन) धरते, परंतु प्रत्यक्ष खर्च त्याहून सहज वाढतो, त्यामुळे खात्यात त्यापेक्षा बरीच अधिक शिल्लक असावी. ती शिल्लक महिनोन्महिने हळूहळू जमलेली दिसावी. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कोणाकडून तरी येऊन पडलेली मोठी रक्कम शंका निर्माण करते.

आपल्याकडे नेमका घोटाळा होतो तो नावात. मराठी माणसाचे नाव स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव असे तीन पदरी असते, आणि पासपोर्टवर पहिल्या रकान्यात ‘सुनीता रमेश’ आणि आडनावाच्या रकान्यात ‘जोशी’ असे छापलेले असते. बँकेच्या पुस्तकात मात्र ‘सौ. सुनीता आर. जोशी’, जन्मदाखल्यावर माहेरचे नाव आणि विमानाच्या तिकिटावर नुसतेच ‘सुनीता जोशी’. पासपोर्ट समोर उघडून ठेवावा आणि तिकीट, विमा, हॉटेल आणि अर्ज या चारही ठिकाणी त्यातील अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. दाखला केवळ मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. अल्पवयीन मुलांसाठी जन्मदाखला आणि दोन्ही पालकांची संमती लागते.

ऑस्लो किंवा स्टाव्हांगरमध्ये नोकरीसाठी गेलेल्या मुलामुलींकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी थोडी वेगळी तयारी आहे. मुलगा किंवा मुलगी खर्चाची हमी घेणार असेल, तर नॉर्वेचा ठरावीक हमीचा फॉर्म तिथूनच भरून, तेथील पोलिसांचा शिक्का घेऊन मागवावा लागतो, आणि या कामाला वेळ लागतो हे आधीच धरून चालावे. निमंत्रणपत्र, नाते सिद्ध करणारा कागद आणि तिथल्या निवास परवान्याची प्रतही जोडावी. व्हिसा हाती आला की स्टिकर नीट वाचावे. त्यावरच्या ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखा म्हणजे राहण्याची मुदत नव्हे. राहता येणाऱ्या दिवसांचा आकडा ‘ड्युरेशन ऑफ स्टे’ या शब्दांखाली वेगळा छापलेला असतो, आणि तो ३० असेल तर एकतिसावा दिवस बेकायदा ठरतो. नातवंडांच्या ओढीने मुक्काम वाढवण्याचा मोह होतो, पण कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची कमाल मर्यादा सर्व शेंगेन देशांना मिळून आहे. अर्ज नाकारला गेल्यास तीन आठवड्यांच्या आत लेखी अपील करता येते, आणि नकाराचे कारण कागदाने खोडता येत असेल तर ते जरूर करावे.

स्वालबार्डला जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. ही बेटे नॉर्वेची असली तरी शेंगेनबाहेर आहेत. तिथे जाण्यास स्वतंत्र व्हिसा लागत नाही, मात्र ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून तिथे जाऊन परतणे म्हणजे शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करणे होय. त्यामुळे किमान दोन प्रवेशांचा व्हिसा अर्जातच मागावा लागतो.

आता मार्गाविषयी. नकाशावर नॉर्वे अरुंद दिसतो, परंतु ऑस्लोहून ट्रॉम्सो रस्त्याने १,६०० किलोमीटरांहून लांब आहे आणि तिथे रेल्वे पोहोचतच नाही. आठ दिवसांत दक्षिण आणि उत्तर दोन्ही करायचे असल्यास मधला टप्पा विमानानेच करावा. पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑस्लो ते बर्गेन हा रेल्वेमार्ग चुकवू नये असे माझे मत आहे. सुमारे सात तासांच्या या प्रवासात गाडी १,२२२ मीटर उंचीवरच्या फिन्से स्थानकापर्यंत चढते, आणि ऑस्लोत हिरवळ पाहून निघालेला प्रवासी जूनमध्येही तिथे रुळांच्या कडेला बर्फ पाहतो. मिर्डाल येथे उतरून फ्लोमची गाडी घेतली, की ती २० किलोमीटरांत सुमारे ८६५ मीटर उतरून थेट फ्योर्डच्या पाण्याशी नेऊन सोडते. फ्लोमहून बोटीने नेरयफ्योर्डमधून गुडवांगेनला जाता येते. हा फ्योर्ड २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. रेल्वेची स्वस्त तिकिटे मोजकीच असतात आणि लवकर संपतात, म्हणून विक्री खुली होताच ती घ्यावीत. बर्गेनसाठी छत्रीऐवजी चांगला रेनकोट घ्यावा, कारण मुंबईत चार महिन्यांत पडतो जवळजवळ तेवढा पाऊस तिथे वर्षभर, वाऱ्यासह पडत राहतो.

रोख क्रोनर फारसे लागत नाहीत, बसपासून कॉफीपर्यंत सर्व ठिकाणी कार्ड चालते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि ईस्टरच्या आठवड्यात तर सलग काही दिवस, त्यामुळे शनिवारी दुपारीच किराणा भरून ठेवावा. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. थंडीसाठी एकच जाड जॅकेट पुरत नाही. अंगालगत लोकरीचा पातळ थर, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारा थर अशी रचना करावी, आणि सुती गंजिफ्रॉक घरी ठेवावेत, कारण घामाने ओला झालेला सुती कपडा अंग गार करतो.

बॅगेतला खाऊ हा आपला जिव्हाळ्याचा विषय, म्हणून स्पष्ट लिहितो: भारतातून नॉर्वेत मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. साजूक तुपाची बरणी, पेढे, खव्याच्या पोळ्या आणि पनीर यांना बॅगेत जागा नाही, आणि बटाटेही नेऊ नयेत. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, डाळी आणि पोहे यांवर आठवडा निघतो. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत.

दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे गेल्यास शेंगेनची तपासणी ऑस्लोत होते, तर फ्रँकफर्टमार्गे गेल्यास ती फ्रँकफर्टलाच होते आणि पुढचे विमान देशांतर्गत असल्यासारखे पकडावे लागते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्यांऐवजी चेहरा आणि ठशांची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्या नोंदीला वेळ लागतो, म्हणून दोन विमानांत किमान तीन तास ठेवावेत. व्हिसा असला तरी अधिकारी कुठे राहणार, किती दिवस आणि पैसे कोण देणार हे विचारू शकतो. तेव्हा परतीचे तिकीट, आरक्षणे, विमा आणि निमंत्रणपत्र यांच्या छापील प्रती सामानात न टाकता हातातल्या पिशवीत, पासपोर्टच्या शेजारी ठेवाव्यात.