कुत्र्यासह सहकुटुंब मुक्कामी ट्रेक : दसरा-दिवाळीच्या दिवसांत कोकणातला डोंगर

कुत्रा बरोबर असला की ट्रेकचं वेळापत्रक त्याच्या सोयीने ठरवावं लागतं. ऑक्टोबरमध्ये कोकणात पाऊस ओसरतो, ऊन तापतं, हवेतला दमटपणा मात्र तसाच राहतो. माणूस घामाने थंड होतो. कुत्र्याला उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढावी लागते आणि दमट हवेत ते नीट जमत नाही. त्यात रात्री बिबट्याचा वावर, आणि कुत्रा हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य. म्हणून आमचा आग्रह एकच : मुक्काम पायथ्याच्या वाडीत, चढाई पहाटे, आणि दहाच्या आत खाली.

जागा निवडताना आधी वनखात्याची हद्द बघा. पनवेलजवळचं कर्नाळा, मुरूडजवळचं फणसाड ही अभयारण्यं आहेत, तिथे कुत्रा नेता येत नाही. संरक्षित किल्ल्यांवर रात्री राहायलाही मनाई असू शकते. ग्रामपंचायतीत चौकशी केल्याशिवाय वर तंबू नेऊ नका. खेड तालुक्यातला रसाळगड मुलांसाठी चांगला. गाडी पायथ्याच्या वाडीपर्यंत जाते, चढ अर्ध्या-पाऊण तासाचा, वर झोलाईचं देऊळ आणि तोफा. मुलं आणि कुत्रा धरून दीड तास हाताशी ठेवा. शेजारच्या सुमारगडाच्या वाटेवर कातळटप्पे आहेत, तिकडे कुत्रा नेऊ नका.

वाडीत चारपर्यंत पोचा. साडेसहाला अंधार पडतो आणि तंबू उजेडातच लागला पाहिजे. ज्यांचं अंगण किंवा मळा असेल त्यांना विचारा, "काका, एक रात्र इथे राहिलो तर चालेल ना? आमच्याबरोबर कुत्रा आहे, बांधून ठेवू." कुत्र्याचं आधीच सांगावं, कारण दारात कोंबड्या असतात, गोठ्यात गुरं असतात. हे दिवस भातकापणीचे. खळ्यावर, पेंढ्यांच्या उडव्यांवर कुत्र्याला फिरकू देऊ नका, आणि देवळाच्या आवारात त्याला घेऊन जाऊ नका. वाडीतली कुत्री भुंकत अंगावर आली तर आपला कुत्रा मागे घ्या, काठी जमिनीवर आपटा आणि सावकाश पुढे व्हा. दगड मारलात तर ती जास्त चवताळतात, आणि वाडीतल्या माणसांनाही ते आवडत नाही.

तंबूची जागा गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, निदान दहा पावलं लांब हवी. जांभ्याच्या सुट्या दगडांच्या फटी फुरशाला, या विषारी सापाला, फार आवडतात. नारळाखाली, वाळक्या फांदीखाली किंवा वहाळाच्या (ओढ्याच्या) पात्रातही नको. या दिवसांत दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो आणि वहाळ अचानक भरतो. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जांभ्यात खुंट्या शिरत नाहीत, ठोकत बसलात तर वाकतात. दोऱ्या थेट जड चिऱ्यांना बांधा. तिघा माणसांना आणि कुत्र्याला चौघांचा तंबू लागतो. खाली ताडपत्री, आत जुनी गोधडी, नाहीतर नखांनी तळ फाटतो. ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर राहिली तर दहिवराचं पाणी तिच्यावरून आत येतं, कडा दुमडून घ्या. वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. कुत्र्याच्या श्वासाने आतून पाणी सुटतं.

कुत्रा रात्री तंबूच्या आतच. बाहेर खुंट्याला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आयतं भक्ष्य. रात्री त्याला लघवीला न्यायचं तर दोघा मोठ्यांनी, टॉर्च घेऊन, आखूड दोरीवर. उष्टंखरकटं, हाडं, काटे बाहेर टाकू नका. बिबट्या दिसलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका. लहान मूल उचलून घ्या, आवाज करा, मागे मागे सरका.

दिवसाही दोरी सोडायची नाही. बिबट्याखेरीज याला आणखी एक कारण आहे. रानडुकरांसाठी शेताच्या कडेला कुठे फासा लावलेला असतो, कुठे तारेत वीज सोडलेली असते, कुठे आमिषात गावठी बॉम्ब असतो. वास घेत गेलेला कुत्रा तोंड घालतो आणि जागीच जातो. साळिंदराच्या मागे गेला तर तोंडात काटे रुततात. दोरी दीड-दोन मीटरची, साधी. लांब-आखूड होणारी झुडपात गुंतते. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घाला, म्हणजे कातळावर त्याला धरून उचलता येतं. चढताना दोरी कमरेला बांधली तर चालते. उतरताना हातातच हवी, कुत्र्याने ओढलं की तोल जातो. दोरी मुलांच्या हातात नको. कुत्र्यामागे एक मोठा माणूस आणि आठ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक, एवढी माणसं नसतील तर बेत पुढे ढकला.

पाणी मोठ्या माणसाला दिवसाला तीन ते चार लिटर धरा. पंधरा किलोच्या कुत्र्याला घरी पाऊण-एक लिटर पुरतं, इथे दोन लिटर घ्या. त्याला दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. भाताच्या खाचरातलं, डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो तो अशाच पाण्यातून. लेप्टोची लस पहिल्यांदा देताना तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून गणपतीतच डॉक्टर गाठा. रेबीजची लस आणि गोचिडांचं औषधही त्याच भेटीत बघून घ्या.

रात्री माणसांसाठी कुळथाची पिठी आणि भात झटपट होतो : चौघांना चार मोठे चमचे पीठ, चार-पाच वाट्या पाणी, लसणाची फोडणी. कुत्र्याचा भात फोडणीआधी बाजूला काढा, कारण कांदा-लसूण, मनुका, चॉकलेट त्याला विषारी. त्यात उकडलेलं अंडं कुस्करा. पहाटे चढण्याआधी पोटभर घालू नका, पोट फुगू शकतं. खाणं उतरल्यावर तासाभराने.

पाचला उठा. बूट झटकूनच पाय घाला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरलं जाऊ लागलं, पण ते डॉक्टरांनी द्यायचं असतं. मुलाला विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं दिसलं तर थेट रुग्णालय.

सव्वासहाला फटफटलं की निघा. रांगेत पुढे मोठा माणूस, मध्ये मुलं, शेवटी मोठा. गवत या दिवसांत कमरेएवढं असतं, काठीने बाजूला सारतच पाय टाका. वाटेवर खाजकुयलीच्या शेंगा लोंबत असतात. त्यांची सोनेरी लव अंगाला लागली तर चोळू नका; चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग पाण्याने धुवा. कुत्र्याच्या केसांत अडकलेली लव घरभर पसरते. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको.

खरा त्रास कुसळांचा. गवत वाळलं की त्याची टोकं भाल्यासारखी होतात, केसांत शिरली की उलटी निघत नाहीत, चालताना आत आत जातात. दर थांब्याला कुत्र्याचा पंजा हातात घ्या, बोटं फाकवा, मधली पातळ कातडी दोन्ही बाजूंनी बघा. मग कानाचा आतला भाग, काख, जांघ. तो सारखा डोकं झटकत असेल किंवा मान एका बाजूला कलती धरत असेल तर कानात कुसळ गेलंय. खोल असेल तर चिमट्याने उकरू नका, पशुवैद्यकाकडे न्या.

खडक तापलाय का हे हाताची मागची बाजू टेकवून बघा. सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही भाजतं. जीभ रुंद आणि गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटताहेत अशी लक्षणं दिसली की तिथेच सावलीत थांबा. पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला, घोट घोट पाजा आणि मग उचलून खाली न्या. पग, बुलडॉग यांसारखी आखूड तोंडाची कुत्री या हवेत आणूच नयेत.

साप चावल्यास चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अवयव हलू न देता, वेळ लक्षात ठेवून निघा. मदतीचे नंबर : माणसासाठी १०८, जनावरासाठी १९६२. रसाळगडाला गेलात तर कळंबणीचं उपजिल्हा रुग्णालय महामार्गावरच आहे. डोंगरात रेंज नसते, म्हणून रस्ता आणि नंबर कागदावर लिहून ठेवा. कुत्र्याला चावला तर त्यालाही चालवू नका, झोळीत घालून न्या. माणसांची पॅरासिटामॉल, आयब्रुफेन त्याला कधीच देऊ नका.

घरी आल्यावर त्याला विंचरा, आंघोळ घाला आणि चार दिवस रोज कान, मान, बोटांच्या बेचक्या चाचपून गोचीड बघा. सापडली तर चिमटा कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा. रॉकेल ओतू नका, चटका देऊ नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घरात कुणाला ताप आला, किंवा कुत्र्याने खाणं सोडलं, तर डॉक्टरांना आपण रानात, भातखाचरांत हिंडून आलोय हे आधी सांगा. लेप्टो आणि स्क्रब टायफस (गवताझुडपातल्या बारीक किड्यांमुळे येणारा ताप) यांची तपासणी त्यावरूनच ठरते.